दवावर कुजवलेले जवस

पूर्वी वैरंभ नगरात सुदंत नावाचा राजा गादीवर आला, त्या काळी बोधिसत्त्व जवस पिकवणाऱ्या एका खेड्यात कोष्ट्याच्या कुळात जन्मले होते आणि गावाचे प्रमुखपण त्यांच्याकडे होते. तिथले लोक जवसाच्या काड्या पाण्यात कुजवीत, वाळवून मोगरीने कुटीत, सुटलेला धागा, म्हणजे वाख, विंचरून त्याचे सूत कातीत आणि त्या सुताचे क्षौम विणीत. हे कापड इतके तलम असे की एका पाहुण्याने ते अंगावर घेतले आणि पांघरूण कुठे गेले म्हणून घरभर शोधले, असे सांगतात.

राजाने आज्ञा काढली की अभिषेकाला मंडपापासून हत्तीच्या झुलीपर्यंत सारे सोनेरी क्षौमाचे हवे. प्रत्येक गावाने आपला वाटा विणून ठेवावा; तो घ्यायला राजा स्वतः येईल. ज्या गावचा वाटा तयार नसेल, ते गाव उठवले जाईल.

बोधिसत्त्वांचा धाकटा भाऊ पिंगल त्या दिवसापासून रोज जवसाच्या पेंढ्या मोजू लागला. पाऊस कमी झालेला. जवस कुजवायचा खड्डा ओढ्याकडेला होता, त्यात त्या वर्षी बेडूकसुद्धा तहानलेला बसे. पाणी उरले होते ते एका तळ्यात, आणि ते पिण्याचे. पिंगलने विचार केला. विचार कसला, धास्तीच ती. एके पहाटे त्याने साऱ्या पेंढ्या तळ्यात लोटल्या आणि वर दगड ठेवले.

थोड्याच दिवसांत पाणी काळवंडले, घाण वास सुटला. मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. बोधिसत्त्व काठावर आले आणि कमरेइतक्या पाण्यात उतरून पेंढ्या बाहेर काढू लागले.

पिंगल रडकुंडीला आला. "दादा, मासे काय, पुढच्या पावसात पुन्हा होतील. गाव उठलं तर पुन्हा होईल का?"

"ज्याच्या काठी गाव वसलं ते पाणी नासवून कुठलं गाव वाचवशील, पिंगल? आणि हे मासे पुढच्या पावसातले नाहीत. हे आत्ताचे आहेत. धर, ही पेंढी घे."

पेंढ्या माळावरच्या गवतात पातळ पसरल्या. दवाच्या ओलीने साल सुटेल, असे बोधिसत्त्व म्हणाले. दवावर कुजलेला वाख सोनेरी होत नाही, राखी निघतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. आणि दव तरी कुठे होते? आधी वारा सुटला, मग आभाळ आले. रोज सकाळी पिंगल माळावर जाऊन काडी गालाला लावून पाही. कोरडी. परतताना कुणी भेटू नये म्हणून तो बांधाबांधाने येई, तरी सगळे भेटत आणि सगळे तेच विचारीत. त्याची वहिनी सुजया त्याच्यापुढे पेज ठेवून म्हणाली, "भावजी, राजाची आज्ञा दवाला कळवलीत ना?" ती हसली, पण स्वतःसाठी मात्र तिने पेज वाढली नाही. ते पाहून पिंगलला अधिकच भीती वाटली.

अखेर वारा पडला, आभाळ मोकळे झाले; तोवर तळ्याचे पाणीही निवळले होते. मग दव असे पडू लागले की माळावर गेलेली गाय अंघोळ करून परत येई. काडी मोडली की साल अलगद सुटू लागली. गावाने उसंत न घेता कुटले, विंचरले, कातले, विणले. कापड झाले, पण कबुतराच्या पाठीसारखे राखी.

राजा आला. मागे सोनेरी कापडाच्या गाड्या होत्या. पुढे मंगलहत्ती होता. तो डोलत नव्हता, पाय ओढीत होता. राजाने राखी कापड दोन बोटांनी उचलले आणि विचारले, "हे अभिषेकाला आणलंत, की माझ्या तेराव्याला?"

पिंगल गर्दीतून पुढे येऊन दादाच्या शेजारी उभा राहिला.

तेवढ्यात हत्तीने सोंड उंचावून हवा हुंगली आणि माहुताला न जुमानता तो तळ्याकडे धावत सुटला. माणसे झाडांवर चढली. काठीवाचून न उठणारा एक म्हातारा सर्वांत वरच्या फांदीवर सापडला म्हणतात. हत्ती गुडघे टेकून पाणी पिऊ लागला तो पितच राहिला. माहूत काठावर बसून रडू लागला. वाटेत गावोगाव त्याने हत्तीला पाण्यावर नेले होते; हत्ती सोंड जवळ नेई आणि मागे घेई. राजवैद्यांनी त्याची आशा सोडली होती.

"बाकीच्या गावांत तो पाणी का प्यायला नाही?" राजाने विचारले.

बोधिसत्त्व हात जोडून म्हणाले, "महाराज, बाकीच्या गावांनी आपली आज्ञा पाळली."

राजा मागच्या गाड्यांकडे वळला; ते सोनेरी कापड त्या गावांनी आपापल्या तळ्यांत जवस कुजवून केले होते. मग त्याने आपले सैनिक गावोगावची तळी उपसून स्वच्छ करायला धाडले, आणि अभिषेकाला तो राखी क्षौम नेसून बसला. पिंगल मात्र त्या दिवशीही निर्धास्त झाला नाही. हत्ती तळे संपवतो की काय, या काळजीने तो काठावरच बसून राहिला.

नेसायला चीवर मिळेल की नाही या चिंतेने ज्याचे ध्यान सुटले होते, अशा एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली आणि मग जन्मांची गाठ सोडवली: "आज विहारात चीवरे वाटणारा स्थविर, तो त्या वेळी राजा होता. पाणी गाळायची फडकी देणारी उपासिका म्हणजे सुजया. गाळल्यावाचून पाण्याचा थेंब न घेणारे आपले वृद्ध भंते, ते हत्ती होते. पेंढ्या बाहेर काढणारा मी होतो. आणि पिंगल कोण, हे तुला सांगायला नको."

भिक्षूने मान खाली घातली. स्वतःच्या भीतीतही ज्याला माशाचा अडकलेला श्वास ऐकू येतो, त्याची ती मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता.