टिळेकरसाहेबांची टापटीप

निवृत्त शिक्षणाधिकारी टिळेकरसाहेबांना कोणी पथ्य सांगितलेलं खपत नसे. रक्तातली चरबी तपासायची ठरली, तेव्हा तारीख त्यांनीच निवडली. रिपोर्ट झकास आला. दुसऱ्या दिवशी तो कागद त्यांनी डॉक्टर मृण्मयी सबनीसांच्या टेबलावर आपटला.

“बघा! आता गोळ्या बंद करा.”

“तपासणीआधी पंधरा दिवस नुसती मूग-भाकरी खाल्ली हो,” शेजारी बसलेल्या बाईसाहेब हळूच म्हणाल्या. “अन् कालपासून पुन्हा तुपानं निथळणाऱ्या पुरणपोळ्या.”

डॉक्टरांनी पेन उघडून रिपोर्टवर लिहिलं, ‘टापटीप केवळ तपासणीपुरती. पुन्हा न कळवता तपासावे.’

साहेब ताडकन उठले. “हा काय शेरा झाला? कुठे शिकलात असलं लिहायला?”

“तुमच्याकडेच. तुमच्या तपासणीचा आमच्या शाळेला आधीच सुगावा लागला होता. आम्ही घाईघाईनं भिंती रंगवल्या, आणि तुम्ही शेरेबुकात नेमकं हेच लिहिलंत. तिथले हेडमास्तर माझे वडील.”

साहेब खाली बसले. “मग गोळ्या?”

“चालू. आणि रक्त घ्यायला आमचा माणूस घरी येईल.”

“कधी?”

“ते शाळेला कळवायचं नसतं, साहेब.”