डोंगरूआबाची काडी

जंगलात अजून पायवाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. गोष्टी सांगाव्यात तर डोंगरूआबा अस्वलानेच! पण हल्ली पिल्लं लांब बसू लागली होती. आपला आवाज पोचत नसेल, असं वाटून आबा आणखी ओरडून सांगे. पिल्लं आणखी मागे सरकत.

शेवटी सशाची चिंगी नाक दाबून म्हणाली, "आबा, गोष्ट छान आहे हो, पण तुमच्या तोंडाला वास येतो."

आबाचा चेहराच पडला. दुसऱ्या दिवशी तो केवड्याचं पान चघळून आला. आता केवड्याचा वासही येत होता आणि त्याखालून काल खाल्लेल्या वाळवीचाही.

झाडावरची वानरीण खो खो हसली. "अहो, न झाडलेल्या अंगणात रांगोळी काढलीत की!" तिने कडुलिंबाची काडी खाली टाकली. "ही चावून दात घासा. मग तीच मधोमध चिरून जीभ खरवडा. सकाळी आणि निजतानाही."

"कडू आहे गं!" आबाने तोंड वाकडं केलं. पण जिभेवरचा थर निघाला, तेव्हा त्यालाच शिसारी आली. मग त्याने एकही दिवस चुकवला नाही.

एका संध्याकाळी चिंगी थेट त्याच्या मांडीवर चढली. "आबा, ओरडू नका ना. भुताची गोष्ट कानात सांगायची असते."