परस्थळ

“…पण आमच्या घरच्या तंट्याचा निवाडा परक्यांनी का करायचा, बाबा?”

फकिराच्या तकियात, त्या मठीवजा झोपडीत, पाऊल टाकता टाकताच दिवाण हैबतरावांनी विचारलं. सात राज्यांनी मिळून संगमावर एक न्यायासन मांडलं होतं. रयतेची कत्तल करणारा कितीही मोठा असो, त्याला तिथं उभं करायचं, असा करार होता. त्यावर शिक्का उठवायचा की नाही, हे दिवाणांच्या हाती होतं. शिक्का उठला असता तर तिथं पहिला उभा राहिला असता त्यांचाच धाकटा भाऊ, सेनापती सुभानराव. त्यानं हिंगणवाडी माणसांसकट जाळली होती. हे अख्ख्या मुलखाला ठाऊक होतं. दिवाणांनीच तेवढे कानात बोळे घातले होते.

लतीफशहा फकीर चूल फुंकत होता. हैबतराव लहानपणी त्याच्याच हाताखाली अक्षरं गिरवायला शिकले, म्हणून तो अजून त्यांना अरेतुरे करी.

“बडी राज्यं स्वतः शिक्का उठवत नाहीत,” दिवाण म्हणाले. “ते न्यायासन दुबळ्यांनाच धरणार.”

“खरं आहे.”

दिवाण चपापले. ते भांडायच्या तयारीनं आले होते.

“तुमच्या वतनाचा तंटा झाला,” फकीर म्हणाला, “तेव्हा तुझा बाप निवाड्याला कुठं गेला होता रे?”

“परस्थळी. नदीपलीकडच्या गावी.”

“आपल्या गावात पंच नव्हते?”

“होते. पण सगळे चुलत्याचे मिंधे.”

“हं… जमिनीसाठी परस्थळ. मढ्यांसाठी घरचा पार.”

हैबतरावांना ते झोंबलं. “घरचा न्याय अजून मेलेला नाही, बाबा. कुणीही यावं, मी ऐकेन.”

फकिरानं चिमट्यानं कोपरा दाखवला. तिथं एक बाई गाठोडं पोटाशी धरून बसली होती.

“ही गिरजा. हिंगणवाडीची.”

…

दिवाण तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांना खरंच ऐकायचं होतं, एवढं माप त्यांच्या पदरात घालायला हवं.

“बोल, बाई. भिऊ नकोस.”

गिरजानं त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. दारात दिवाणांच्या सोबतीचे शिपाई उभे होते.

“आदी त्यांना भाईर धाडा,” ती म्हणाली. “त्यातल्या दोघांना मी वळखते.”

“बाहेर व्हा,” दिवाण म्हणाले.

कुणी हललं नाही.

“मी सांगतोय, बाहेर व्हा.”

हवालदारानं लवून मुजरा केला. “माफी असावी, सरकार. आपल्याला एकटं सोडायचं नाही, असा सेनापतींचा हुकूम आहे.”

…

हैबतरावांची मान खाली गेली. मुलखाचा कारभार हाकणाऱ्या त्या माणसाला आपल्याच शिपायांची भीती वाटली, आणि ती गिरजानं पाहिली.

तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ती मागच्या दारानं संगमाच्या वाटेला निघाली.

लतीफशहानं चुलीपासूनच हाक दिली.

“थांब, बाई… यालाही परस्थळी घेऊन जा.”