केरबाचं वाचून झालं

पिंपळोशी गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हा शब्द मी त्याच्या बायकोच्या समाधानासाठी वापरतो. गावात त्याच्यासाठी दुसरा शब्द होता.

केरबाला काम सांगितलं की तो ते करी. अगदी सांगितलं तेवढंच करी, आणि म्हणून कुठेच टिकत नसे. गिरणीवाल्यानं सांगितलं, "पट्ट्याकडे लक्ष ठेव." केरबा दिवसभर पट्ट्याकडे बघत बसला. पीठ जमिनीवर सांडत होतं, पण ते पट्ट्यावर नव्हतं.

अशात गावच्या वाचनालयातला शिपाई निवृत्त झाला. केरबाची बायको शेवंता म्हणाली, "ही जागा तुम्ही मिळवायचीच. नाही मिळाली तर मी माहेरी जाईन."

"परत कधी येशील?"

"ते तेव्हा बघू."

वाचनालयाची एक रीत होती. दर रविवारी सभासद जमत आणि नुकत्याच वाचलेल्या पुस्तकावर आपलं मत सांगत. अध्यक्ष दौलतराव आबा लोडाला टेकून ऐकत. कधी ऐकत, कधी नुसते टेकत. चिटणीस कवठेकर मास्तर वहीत टिपून घेत. आबा म्हणाले, "केरबा, पुस्तकांत वावरणाऱ्या माणसाला पुस्तकातलं काही कळलं पाहिजे. तू चार रविवार मत सांग. मग जागेचं बघू." आबांना विलास नावाचा एक भाचा होता. तो रिकामाच होता. पण मास्तरांसमोर तसं उघड बोलायची आबांना चोरी होती.

मास्तरांनी केरबाला एक जाडसर पुस्तक दिलं. म्हणाले, "घरी ने. आणि पुस्तक कसं आहे ते रविवारी सांग."

पहिल्या रविवारी केरबा उभा राहिला.

"पुस्तक दीड पाव भरलं. वाण्याच्या तागडीत दोनदा घालून बघितलं. शिवण घट्ट आहे. वास जुन्या गोधडीसारखा येतो. उशाला घेतलं तर मान दुखते."

सभा हसली. आबा जागे झाले. मास्तरांनी केरबाला बाजूला घेतलं. "अरे बाबा, पुस्तक वरून काय सांगतोस? आत काय काय घडतं ते रंगवून सांगावं. आणि एक ध्यानात ठेव. शेवट कधी सांगायचा नाही. ऐकणाऱ्याला तिथंच सोडून द्यायचं."

"शेवट सांगायचा नाही," केरबा घोकत घरी गेला. रात्री त्यानं ते शेवंतालाही शिकवलं.

बुधवारी आबांच्या सासूबाईंचं तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. गावातले फोन दोन दिवस बंद होते. म्हणून आबांनी केरबाला सोबत धाडलं आणि सांगितलं, "झालं की पहिली एसटी पकड आणि इथं येऊन काय झालं ते सांग."

केरबा दुपारी परत आला. सोप्यावर सगळं घर वाट बघत होतं. आबांच्या बायकोला गाव काकू म्हणे. काकूंनी विचारलं, "केरबा, आईचं कसं झालं रे?"

केरबानं खाली बैठक मारली. पाणी प्याला. मग रंगवून सांगू लागला. "सकाळी नऊला आजींना आत नेलं. दार हिरवं होतं. दाराशी आजी थांबल्या. म्हणाल्या, माझं काही बरंवाईट झालं तर हातातल्या पाटल्या धाकटीला द्या."

काकू थोरल्या होत्या. त्या दुप्पट रडू लागल्या.

"पुढं काय झालं?" आबा म्हणाले.

"पुढं दार लागलं. बाहेर कोणी बोलेना. भिंतीवर एक पाल होती, तीही हलेना. मग डॉक्टर बाहेर आले. त्यांनी चष्मा काढला. पुसला. आजींबरोबर आलेल्या मामांच्या खांद्यावर हात ठेवला."

"आणि? काय म्हणाले?"

केरबा उठला आणि टोपी झटकली. "शेवट सांगायचा नसतो," तो म्हणाला, आणि निघाला.

घरात रडारड झाली. शेजारी आले. दोघं जण बांबू तोडायला गेले, एक जण मडकं आणायला गेला. संध्याकाळच्या जीपमधून सासूबाई उतरल्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. दुसऱ्या डोळ्यानं त्यांनी अंगणात बांधायला घेतलेली तिरडी बघितली.

"कोण गेलं ग?" त्यांनी विचारलं.

ऑपरेशन मोतीबिंदूचं होतं. मोतीबिंदूनं माणूस जात नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण केरबानं सांगितलंच इतकं चांगलं, की ते कोणाला आठवलं नाही.

आबांनी केरबाला बोलावून घेतलं. "अरे शहाण्या, समोरच्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. अशा माणसाला आधी शेवट सांगावा. बाकीचं मागाहून."

"टांगणीला लागलेल्याला आधी शेवट सांगावा," केरबा घोकत घरी गेला.

दुसऱ्या रविवारी आबांच्या घरात पाटल्यांवरून बोलाचाली चालू होती, त्यामुळे सभा झाली नाही. आबांनी तो रविवार केरबाच्या हिशेबी धरला. बोलला असता तर आणखी वाईट झालं असतं, असं त्यांचं मत पडलं.

वाचनालयानं त्या वर्षी ऐकायची पुस्तकंही आणली होती. ज्यांना डोळ्यांनी वाचवत नाही अशी मंडळी रोज पाच वाजता येत. मास्तर मोबाईल स्पीकरला जोडत आणि कोणा एका गोड गळ्याच्या बाईंचं वाचन सुरू होई. एका खुनाची कादंबरी चालू होती. बारा भागांपैकी अकरा झाले होते. कृष्णाबाई पोतदारांनी अकरा दिवस वकिलावर संशय धरला होता आणि मनातल्या मनात त्याला फाशीही दिलं होतं.

तिसऱ्या रविवारी शेवटचा भाग होता. तो ऐकून मग मतं सांगायची होती. मास्तर केरबाला म्हणाले, "स्पीकर नीट चालतो का ते आधी बघून ठेव." केरबानं दुपारी सगळा भाग लावून बघितला. स्पीकर नीट चालत होता. मग तो दाराशी उभा राहिला.

कृष्णाबाई काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "आज सुटणार बघ केरबा. दोन रात्री झोप नाही. जीव नुसता टांगणीला लागलाय."

"खून कंपाउंडरनं केला," केरबा म्हणाला.

कृष्णाबाई उंबऱ्यावरच बसल्या. मागून निवृत्त तलाठी आले. केरबानं विचारलं, "तुमचाही जीव टांगणीलाच असेल?" तलाठी हसून हो म्हणाले. त्यांनाही त्यानं मोकळं केलं. असे एकोणीस जण मोकळे झाले. दोघं मागच्या दारानं आत जाऊन बसले होते. केरबानं आत जाऊन त्यांनाही लोंबकळत ठेवलं नाही.

त्या दिवशी पुस्तकावर कोणी मत दिलं नाही. केरबावर सगळ्यांनी दिलं.

मास्तर संयमी माणूस. बत्तीस वर्षं त्यांनी पहिलीचा वर्ग घेतला होता. ते म्हणाले, "केरबा, आता गोष्टच सांगू नकोस. आरंभ नको, शेवट नको. भाषा कशी आहे ते सांग. पात्रं कशी आहेत, लांबी किती आहे, ते सांग. आणि शेवटी म्हण, पुढच्या वाचकाला द्यावं. तेवढंच मागच्या कोऱ्या पानावर लिहायचं आणि खाली सही करायची. आणि वाचनालयातून काहीही घरी नेलं, तरी आठ दिवसांच्या आत परत. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं."

चौथ्या रविवारी केरबा उभा राहिला. शेवंता खिडकीबाहेर पदराचं टोक चावत उभी होती.

"भाषा ओघवती आहे," केरबा म्हणाला. "पात्रं जिवंत वाटतात. लांबी बेताची आहे. पुढच्या वाचकाला द्यावं."

सभेत टाळ्या पडल्या. गेली अकरा वर्षं तिथं प्रत्येक जण हेच सांगत आला होता, आणि केरबाच्या मतात कोणाला काही खोट दिसेना. पुस्तक कोणतं हे कोणी विचारलं नाही. केरबानं त्या आठवड्यात नेलेलं आणि वेळेत परत आणलेलं ते पुस्तक पाण्याच्या मोटारीबरोबर आलेलं माहितीपुस्तक होतं. कपाटात कोणीतरी चुकून ठेवलेलं.

आबांनी भाच्याचं नाव तोंडापर्यंत आणलं. पण मास्तर म्हणाले, "आबा, बाकी काही असो. नेलेलं पुस्तक वेळेवर परत आणणारा वाचक मी या गावात पहिल्यांदा बघतोय." आबांनी ते नाव परत गिळलं. त्यांच्याकडे स्वतःच्याच वाचनालयाची चौदा पुस्तकं होती.

सोमवारी केरबाला नेमणुकीचं पत्र मिळालं. आबा म्हणाले, "घरी नेऊन नीट वाच. आठ दिवसांच्या आत खाली सही कर आणि कामावर ये."

शेवंतानं पत्राला हळदकुंकू लावलं आणि ते देवामागं ठेवलं. शेजारणींना साखर वाटली. माहेरी जायला भरलेली पिशवी तिनं रिकामी केली.

सातव्या दिवशी शेवंता नदीवर धुणं घेऊन गेली. केरबानं देवामागून पत्र काढलं आणि तिसऱ्यांदा वाचलं. मागच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहिलं, खाली सही केली, आणि वाचनालयात जाऊन ते आबांच्या हातात दिलं.

आबांनी वाचलं. "भाषा कोरडी आहे. पात्र एकच आहे, पण ते माझ्या ओळखीचं निघालं. लांबी बेताची. वाचून परत करत आहे. पुढच्या वाचकाला द्यावं. केरबा."

"परत करतोस?" आबांनी विचारलं.

"हो आबा. उद्या आठ दिवस होतात."

"मनापासून?"

"तीनदा वाचून झालं. आणखी ठेवून घेणं बरं नव्हे. दुसराही कोणी वाट बघत असेल."

दुसरा कोणी दारातच उभा होता. आबांनी पत्रावर शिक्का मारला, 'स्वेच्छेने परत' असा शेरा लिहिला आणि विलासला आत बोलावलं. मास्तर येईपर्यंत विलास शिपायाच्या स्टुलावर बसलासुद्धा होता.

केरबा खुशीत घरी आला. "दिलं परत," तो म्हणाला. "एक दिवस आधीच."

शेवंतानं सगळं विचारून घेतलं. धुणं अजून ओलं होतं. तिनं ते तसंच पिशवीत भरलं आणि एसटीच्या थांब्याकडे निघाली. पिशवी जड होती, म्हणून केरबानं ती उचलून घेतली. गाडी आली. शेवंता चढली आणि खिडकीशी बसली.

"परत कधी येशील?" केरबानं विचारलं.

"शेवट सांगायचा नसतो," शेवंता म्हणाली.

गाडी गेली. केरबा थांब्यावर उभा राहून मान डोलवत होता. निदान घरात एकाला तरी त्यानं शिकवलेलं नीट समजलं होतं.