थरथरत्या हाताची परीक्षा

पूर्वी वेत्रनगरात सुतेज राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला होता. मोठा झाल्यावर तो रानातल्या औषधी जमवून रोग्यांना देई, आणि गुण आला की रोग्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद होई.

त्या नगरात चोर ओळखायची एक रीत होती. संशयिताच्या हाती तेलाने काठोकाठ भरलेली वाटी द्यायची आणि सात पावले चालायला लावायचे. थेंब सांडला की तो चोर, आणि चोराचा हात तोडायचा. पाप्याचाच हात थरथरतो, अशी राजाची खात्री होती. पुढे झाले असे, की राजाचाच उजवा हात कापू लागला! त्याने तो शालीखाली दडवला आणि भर उन्हाळ्यातही शाल सोडली नाही. दरबारी मनातल्या मनात नवल करीत, पण विचारणार कोण?

अशात राणीच्या हारातला एक मोती हरवला. हार ओवणाऱ्या म्हाताऱ्या कुमुदेला दरबारात आणले. तिचे हात दोन वर्षांपासून कापत होते.

"बोटांतून निसटला, महाराज. कुठे घरंगळला ते दिसलंच नाही."

"वाटी आणा," राजा म्हणाला.

तेव्हा बोधिसत्त्व पुढे झाला. "महाराज, हा कंपवात आहे, पाप नव्हे. मला एक महिना द्या, मग वाटी द्या. थेंब सांडला तर तिच्या हाताबरोबर माझाही तोडा."

राजाने महिना दिला. मात्र त्याच संध्याकाळी त्याने वैद्याला एकांतात बोलावले आणि शाल बाजूला केली. "ते औषध मला दे. तुला राजवैद्य करतो."

"महाराज, औषध म्हणजे खाजकुयलीच्या बिया. माझ्याजवळ एका माणसापुरत्याच आहेत. नव्या शेंगा थंडीत पिकतील. तोवर तुमच्या हाताला कुणी धक्का लावणार नाही. तिच्यापाशी महिनाच आहे."

राजा संतापला. पण मग त्याच्या मनात आले, बरेच झाले, गुण येतो की नाही ते आधी म्हातारीवरच कळेल.

बोधिसत्त्व रोज त्या बिया दुधात उकडी, सोली, कुटी, तुपात भाजी आणि कुमुदेला स्वतःच्या हाताने भरवी. विसाव्या दिवशी तिने सुईत दोरा ओवला आणि ती ओक्साबोक्शी रडली.

महिना भरला. कुमुदा वाटी घेऊन निघाली. राजाची नजर तेलावर खिळली होती. पाचव्या पावलाला तेल काठाशी हिंदकळले. पण सात पावले झाली तरी थेंब सांडला नाही.

"निर्दोष!" राजा म्हणाला.

"महाराज," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "औषध थांबवलं तर हा हात पुन्हा कापू लागेल. मग ही पुन्हा चोर ठरेल का?"

राजा सिंहासनावरून उतरला आणि कुमुदेच्या हातातली वाटी त्याने आपल्या उजव्या हातात घेतली. शाल गळून पडली. पहिल्याच पावलाला तेल मनगटावरून ओघळले.

"रीतीप्रमाणे हाही तोडा," तो म्हणाला.

कुणी जागचे हलले नाही. कुमुदेने मात्र पुढे होऊन तो हात आपल्या पदराने पुसला.

त्या दिवसापासून ती रीत बंद झाली. थंडी पडताच बोधिसत्त्व रानात गेला आणि शेंगांच्या कुसांनी अंगाची आग होत असतानाही राजासाठी, आणि दारी येईल त्या प्रत्येकासाठी, बिया घेऊन आला. केवढे मोठे मन ते!

विहारात एका वृद्ध भिक्षुणीचे भिक्षापात्र थरथरताना पाहून एक भिक्षू हसला, तेव्हा तथागतांनी ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "तेव्हाची कुमुदा म्हणजे ही भिक्षुणी. राजा सुतेज म्हणजे हा हसलेला भिक्षू. आणि तो वैद्य मी होतो."

भिक्षू मान खाली घालून उठला आणि त्याने दोन्ही हातांनी तिचे पात्र धरले. तथागत म्हणाले, "ही करुणा."