फेट्यातला मेल

तालुक्याच्या वाचनालयाचे अध्यक्ष खराडे आप्पासाहेब यांना आपला फोटो नसलेला कागद कोराच वाटे. ग्रंथपाल कुंदाताई लोटलीकर सभेची सूचना ईमेलने पाठवत, तीही साध्या मजकुरात. आप्पासाहेब भडकले.

"ही काय सुतकातली सूचना? एचटीएमएल मेल करा. सोनेरी चौकट, तोरण, मध्ये माझा फेट्यातला फोटो."

"असले मेल वाचले जात नाहीत, साहेब."

"मग मला तसा पाठवा आणि सभासदांना तुमचा साधा. बघू कोणता वाचला जातो."

कुंदाताईंनी तसंच केलं. सूचना एवढीच होती की सभा अकराऐवजी नऊला आहे.

नऊला सभासद झाडून हजर. आप्पासाहेबांचं तैलचित्र दालनात लावायचा ठराव तेवढा बारगळला, कारण तो मांडणारे स्वतः आप्पासाहेबच होते.

अकराला ते फेटा बांधून आले, तर सतरंज्या गुंडाळून झालेल्या.

"मला मेल आलाच नाही," ते गरजले.

कुंदाताईंनी त्यांचाच मोबाइल मागून घेतला आणि जाहिरातींच्या कप्प्यात, साड्यांच्या सेलखाली, त्यांचा फेटा दाखवला.

"आला होता, साहेब. ही जाहिरात आहे हे मोबाइलने एका नजरेत ओळखलं. आम्हाला सहा वर्षं लागली."