राखेच्या पाण्यातला मका

रेवलीच्या घरात खायला मका होता, आणि मक्याशिवाय काहीच नव्हतं. सकाळी मक्याची भाकर, संध्याकाळी मक्याची भाकर. पोट भरायचं, पण आईच्या अंगी काही लागत नव्हतं. तिच्या हातांची कातडी सोलून निघत होती, आणि महिनाभर तिला उठून बसवतही नव्हतं. चिमुकली रेवली एकटीच शेतावर जायची आणि आई जाते की काय या भीतीनं वाटभर रडायची.

एका टळटळीत दुपारी ती मक्यात शिरली. वाऱ्याचा मागमूस नव्हता, तरी पानं सळसळत होती. हिरव्यागार पानांआडची सोनेरी, जांभळी, लालचुटूक कणसं हळूच तिच्याकडे वळली. त्यातल्या एका कणसावर इवलीशी परी बसली होती. पंख करडे, केस मक्याच्या रेशमाचे. ऊन तिच्या आरपार जात होतं आणि खाली सावली पडत नव्हती. एवढ्या उन्हात ती थडथड कापत होती.

"बाळ, मी राखपरी. तुझ्या चुलीतली ऊन ऊन राख देशील?"

रेवली दोन पावलं मागं सरली. पण त्या इवल्या जिवाला कापताना पाहून तिला राहवेना. आपली चूल विझणार हे ठाऊक असूनही तिनं निखाऱ्यांसकट सगळी राख खापरात भरून आणली. परीनं चिमूटभर अंगाला फासली, तशी पंखांत हिरवी-सोनेरी चमचम उमटली. मग ती म्हणाली, एक काय ते माग.

"आईच्या अंगी खाल्लेलं लागू दे."

परीनं सांगितलं, उरलेल्या राखेच्या पाण्यात मका शिजव, साल सुटू दे, सात पाण्यांनी धू आणि कूट.

"पण माझं नाव कुणापाशी काढायचं नाही. काढलंस, तर भांड्यात राखच उरेल. आणि आई..."

एवढं म्हणून ती पानांआड गेली. कणसांनी पुन्हा पाठ फिरवली.

शेजारणीकडून विस्तव मागून आणून रेवलीनं चूल पेटवली. दाणे टपोरे फुगले, साल गळून मऊ झाले. कुटून कुटून तिच्या हातांना फोड आले. वाटी तिनं आईच्या ओठांशी नेली, पण आईनं तोंड फिरवलं. रेवलीच्या पाड्यावर नवं अन्न आलं की देणाऱ्याचं नाव घेतल्यावाचून पहिला घास कुणी घेत नसे. आई अंगानं खंगली होती, पण रीतीला पक्की.

"कुणी दिलं गं?"

कुडाच्या भिंतीत सळसळ झाली. वाटीच्या कडेचे दाणे करडे पडू लागले. नाव घ्यावं तर आई जाणार, न घ्यावं तर उपाशी राहणार. रेवलीला रडूच फुटलं. डोळे पुसायला तिनं हात वर केले, आणि फोडांकडे पाहून ती थबकली.

"आई, शिजवलं, धुतलं, कुटलं. म्हणून हे कुटलेलं. त्या कामाचंच नाव घे."

आई त्या हातांकडे पाहत राहिली. मग "कुटलेलं," असं पुटपुटली आणि तिनं घास घेतला.

कुडाच्या फटीफटीतून सोनेरी उजेड आत आला. त्यात इवले पंख एकदाच फडफडले आणि परी उजेडातच विरून गेली. सळसळ थांबली.

सातासमुद्रापार रानात राहणाऱ्या माणसांनीही या अन्नाला असंच कामावरून नाव दिलं होतं म्हणे. त्यांच्याच शब्दावरून पुढे लोक त्याला होमिनी म्हणू लागले. त्यांना नाव कुणी विचारलं होतं, कोण जाणे.

रेवलीच्या आईला त्याचं काय? तिनं वाटी बोटांनी पुसून खाल्ली, भिंतीला धरून आपली आपण उठून बसली आणि म्हणाली, "आणखी आहे का गं?"